घराला कसली बाधा?

बऱ्याच दिवसांनी इथे लिहायला बसले आहे. मधे आमच्या माईचं सगळं झालं, त्यामुळे काही सुचतच नव्हतं. आज सुचतंय ते रागानं. राग आला की बाईंचं फळ्यावरचं अक्षर सुधारतं, असं माझ्या विद्यार्थिनी म्हणत. ते अक्षर आता राहिलं नाही, राग मात्र आहे. तेव्हा सांभाळून घ्या.

नात्यातल्या मंडळींना हकिगत ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. माई म्हणजे माझी थोरली बहीण. वय ८१. यजमान गेल्यापासून कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकटीच राहायची. थोरला मुलगा बंगळूरला, धाकटा कॅलिफोर्नियात. एकटी होती म्हणजे बिचारी होती असं समजू नका. रोजचं शब्दकोडं, गॅलरीतली गवती चहाची कुंडी, खालच्या मजल्यावरच्या पोरांना पाढे शिकवणं, सगळं व्यवस्थित चाललं होतं. एका शुक्रवारी रात्री ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी पडली आणि तिथेच गेली. हृदयविकार. कळलं मात्र सोमवारी सकाळी, दारावरच्या पिशवीत दुधाच्या तीन पिशव्या साठल्या तेव्हा. मग पोलीस, पंचनामा, पोस्टमॉर्टेम, सगळं ओघानं आलंच.

मी रोज रात्री आठ वाजता तिला फोन करायची. त्या तीन दिवसांत मी सांगलीला लग्नात होते. शुक्रवारी राहून गेला, शनिवारी सीमांतपूजनाच्या गडबडीत विसरले, रविवारी म्हटलं आता उद्या घरी गेल्यावर निवांत करू. समोरच्या बाईंनी रविवारी पिशवी पाहिली होती, पण त्यांना वाटलं माईपण लग्नाला गेली असेल. थोरल्यानं शनिवारी फोन केला होता, उचलला नाही म्हणून झोपली असेल असं समजला. प्रत्येकाकडे कारण होतं, आणि प्रत्येकाचं कारण खरं होतं. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर बोट उगारणार आहे. त्यातलं एक माझ्याकडेही आहे.

तर, भाच्यांनी फ्लॅट विकायला काढला. ६२० चौरस फूट, पूर्वेकडची गॅलरी, पाणी मुबलक. लोक बघायला येत, खूश होत, 'दोन दिवसांत कळवतो' म्हणत आणि कळवत नसत. मग एजंटनं थोरल्याला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, बाहेर बोलबाला झालाय. म्हातारी तीन दिवस आत होती म्हणतात. वास्तू शुद्ध करून घ्या, नाहीतर असाच पडून राहील." आणि त्याच दमात, आपल्या ओळखीचा एक माणूस असल्या गोष्टी मानत नाही, तो आहे तसा घेईल, फक्त किमतीत बारा लाख कमी करावे लागतील, असंही सांगितलं. म्हणजे बघा हं. जो बाधा मानत नाही त्यालाच बाधेपायी बारा लाखांची सूट! मानणाऱ्यांना भीती आणि न मानणाऱ्यांना स्वस्ताई. हा बोलबाला कोणी केला असेल, याचा विचार तुम्हीच करा. मला पुरावा देता येणार नाही, म्हणून मी काही म्हणत नाही.

थोरल्यानं मग एक वास्तुतज्ज्ञ बोलावले. त्याला सुट्टी नव्हती, म्हणून दार उघडायला मी गेले. पांढरा सदरा, गळ्यात स्फटिकाची माळ, हातात काटकोनात वाकवलेल्या दोन पितळी सळ्या. सळ्या पुढे धरून ते खोल्याखोल्यांतून हिंडले. कुठे सळ्या एकमेकींवर आल्या, कुठे फाकल्या. ते वहीत टिपून घेत होते. मग म्हणाले, "आजी, इथे निगेटिव्ह ऊर्जा फार साठली आहे."

आता मी काही शास्त्राची शिक्षिका नव्हे, मराठी माध्यमातली बी. ए. पण शाळेत जागा भरलेली नसली की सातवीचं सामान्य विज्ञान माझ्याच गळ्यात पडे. ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता, एवढी व्याख्या मी किती वर्षं घोकून घेतली असेल! ती जूलमध्ये मोजतात. मी विचारलं, "किती आहे?" ते म्हणाले, "ती अशी आकड्यात सांगता येत नाही." मी म्हटलं, "मग फार आहे हे कसं कळलं?" ते हसले. मग मी दुसरा प्रश्न विचारला, आणि तो मी मुद्दाम विचारला हे कबूल करते. म्हटलं, "आमची माई कुठल्या खोलीत गेली, ते सळ्यांना विचाराल का?"

ते क्षणभर थांबले, मग पुन्हा फिरले आणि बेडरूममध्ये पलंगापाशी सळ्या फुलीसारख्या जुळल्या. "इथे." मी म्हटलं, "स्वयंपाकघरात. ओट्यापाशी." यावर त्यांनी काय सांगावं? "ऊर्जा सरकते आजी."

सळ्या हलतात त्या हातानं, हे मला भाच्याच्या मुलीनं समजावून सांगितलं. माणसाच्या मनात जे असतं त्याप्रमाणे मनगट किंचित कलतं, त्याला स्वतःलाही कळत नाही, आणि सैल धरलेली सळी तेवढ्यानं वळते. म्हणजे ते गृहस्थ लबाडच होते असं मी म्हणणार नाही. म्हातारं माणूस पलंगावरच जातं, असं त्यांच्या मनात होतं. सळीनं तेच दाखवलं.

मग त्यांनी मृत्यूची वेळ विचारली. शुक्रवारी रात्री की शनिवारी पहाटे, ते कोणालाच नक्की माहीत नाही. "मग पंचक धरूनच चालू. सेफ," असं म्हणाले. 'सेफ' हा शब्द त्यांचाच. मीठ, धुरी, तांब्याच्या तारा, चार कोपऱ्यांत पिरॅमिड आणि दोन तासांचं शुद्धीकरण. दर चौरस फुटाला ५० रुपये, म्हणजे ३१,००० रुपये. बाधा चौरस फुटावर असते हे मला त्या दिवशी कळलं. बरं झालं माईनं बंगला बांधला नाही.

पंचकाचं गणित मी घरी येऊन मांडलं. नक्षत्रं सत्तावीस. पंचक म्हणजे धनिष्ठेचा उत्तरार्ध आणि पुढची शततारका, पूर्वा भाद्रपदा, उत्तरा भाद्रपदा, रेवती. एकूण साडेचार नक्षत्रं. सत्तावीसला साडेचारनं भागा, उत्तर सहा. म्हणजे चंद्राच्या प्रत्येक फेरीचा सहावा हिस्सा पंचकच. आजवर मेलेल्या माणसांपैकी साधारण दर सहावा माणूस पंचकात गेलेला आहे. त्या हिशेबानं पुण्यातलं एक तरी जुनं घर 'शुद्ध' निघेल का?

आमचं माहेर नारायण पेठेतल्या वाड्यात होतं. त्या वाड्यात पाच बिऱ्हाडं. माझी पणजी तिथे गेली, आजोबा गेले, मागच्या खोलीतली एक सून बाळंतपणात गेली, देवी आलेली दोन पोरं गेली. त्याच खोल्यांत पुढे मुंजी झाल्या, मंगळागौरी जागल्या, आम्ही तिथेच अभ्यास केला. कोणाला बाधा झाली नाही. माणूस घरात मरायचा, कारण मरायला दुसरी जागाच नव्हती. आता मरण दवाखान्यात गेलं, आणि म्हणून घरातलं मरण हा 'दोष' झाला. माणसं पूर्वीइतकीच मरतात, फक्त आपल्या डोळ्यांआड.

पुण्याला घरशुद्धी काही नवी नाही. १८९७ साली प्लेग आला तेव्हा रँडसाहेबाच्या अमलाखाली गोरे सोल्जर घराघरात घुसून आजारी माणसं शोधत, सामान बाहेर काढत, जंतुनाशकं मारत. त्या जुलमातून पुढे काय घडलं ते शाळेच्या पुस्तकात आहेच. आजी सांगायची त्यातली गोष्ट वेगळीच होती. लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहिले आणि साथ ओसरल्यावर त्याच घरांत परत आले. चुना काढला, अंगणात सडा घातला, चूल पेटवली. ज्या घरात एकाच महिन्यात दोन-तीन माणसं गेली त्याच घरात. परत आली नसती तर आज पेठा उरल्या असत्या का?

आणि पानशेतचा पूर तर मी स्वतः पाहिला. १२ जुलै १९६१. तेव्हा मी बारा वर्षांची होते. पाणी ओसरल्यावर आम्ही वाड्यात आलो तेव्हा खालच्या खोल्यांत कमरेएवढा गाळ होता आणि असा वास होता की आजही पावसाळ्यात कधीतरी तो नाकात येतो. वडील, काका, शेजारी, सगळे फावडी-घमेली घेऊन लागले. आम्ही मुली बादल्यांनी भिंती धुवत होतो. माई तेव्हा कॉलेजात होती. तिनं पदर खोचून देवघराचा कोनाडा हातानं खरवडला होता. आठ दिवस ते चाललं. मग आईनं दिवा लावला, म्हणाली, "झालं घर." माझ्यापुरतं शुद्धीकरण म्हणजे एवढंच. घाम गाळून केलेलं.

आता तुम्ही म्हणाल, बाई नास्तिक झाल्या. तसं नाही हो. आमच्या फ्लॅटची वास्तुशांत मी रीतसर केली. आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुष आहे, आणि त्यानं 'तथास्तु' म्हणू नये म्हणून मी अजूनही घरात वाईट बोलत नाही, निदान मोठ्यानं तरी. माईचं दहावं, अकरावं, बारावं, तेरावं झालं, उदकशांतही झाली. गुरुजी आमच्या ओळखीचे, दक्षिणा द्याल ती घेतात. त्या विधींची एक गंमत माझ्या ध्यानात आली. त्यांना शेवट आहे. सुतक दहा दिवसांचं. तेराव्याला गोड जेवायचं आणि कामाला लागायचं. आपल्या पूर्वजांनी दुःखाला तारीख घालून दिली होती. हे नवे लोक तारीख काढून टाकतात आणि तिथे दरपत्रक लावतात. सुतक संपतं, 'निगेटिव्ह ऊर्जा' मात्र पुढच्या भेटीपर्यंत टिकते.

धाकट्या भाच्याशी मी हे फोनवर बोलले. तो म्हणाला, "मावशी, इकडेही तेच आहे. इथे पांढऱ्या सेजच्या जुड्या जाळून धूर करतात." तिथल्या मूळ रहिवासी जमातींची ती पवित्र वनस्पती, आता दुकानात पुडीत मिळते. म्हणजे धंदा दोन्हीकडे सारखाच! पण त्यानं आणखी एक सांगितलं ते मला आवडलं. कॅलिफोर्नियात घर विकताना, तिथल्या मृत्यूला तीन वर्षं उलटून गेली असतील तर ते आपण होऊन सांगायचं बंधन नाही. पण घेणाऱ्यानं तोंडावर विचारलं, तर खोटं बोलायला मुभा नाही. आणि न्यूयॉर्क राज्यातला एक खटला त्यानं सांगितला. एका मालकिणीनं आपल्या घरात भुतं आहेत म्हणून मासिकातनं, वर्तमानपत्रातनं मिरवलं आणि घर विकताना परगावाहून आलेल्या गिऱ्हाइकाला मात्र अवाक्षर सांगितलं नाही. १९९१ साली तिथल्या अपिलाच्या कोर्टानं म्हटलं, कायद्यापुरतं हे घर झपाटलेलंच धरू, आणि गिऱ्हाइकाला व्यवहारातून सुटायची वाट मोकळी केली. मला हसू आलं, पण न्याय पटला. कोर्टानं भूत शोधलं नाही. कोण बोललं आणि कोणी लपवलं, तेवढंच पाहिलं.

आपल्याकडे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आहे. त्याच्या ५५व्या कलमात विकणाऱ्यानं मालमत्तेतला आणि मालकीहक्कातला ठळक दोष सांगितला पाहिजे असं म्हटलंय, जो घेणाऱ्याला साध्या चौकशीत कळणार नाही असा. त्यात मरणाचा उल्लेख नाही. आणि महाराष्ट्रानं २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. पण वास्तुशास्त्राच्या सल्ल्याला त्यातून सूट आहे. तेव्हा सळ्यावाल्यांना कायद्याची भीती दाखवता यायची नाही. आपल्यालाच शहाणं व्हावं लागणार.

माझं भाच्यांशी भांडण झालं ते इथे. थोरला म्हणाला, "मावशी, मला पटत नाही गं, पण ३१,००० टाकले की गिऱ्हाइकाला सांगता येतं, शुद्धीकरण झालंय. मनाचं समाधान." मी म्हटलं, कोणाच्या मनाचं? घेणारा घाबरतो, त्याची भीती खरी आहे, मी तिला हसत नाही. पण भीती जाते ती समजल्यानं. तू त्याला सांगणार 'शुद्धीकरण झालंय', म्हणजे 'अशुद्ध होतं' हे तूच कबूल करणार. तुझी आई अशुद्ध होती का रे? जिनं त्या ओट्यावर तुला पस्तीस वर्षं जेवू घातलं, ती तिथे तीन दिवस पडली म्हणून ओटा बाटला?

तो गप्प झाला. मी जरा जास्तच बोलले. पण मला जे म्हणायचं आहे ते हेच आहे. आपण घराला दोषी ठरवतो, कारण घर उलट उत्तर देत नाही. माई एकटी गेली यात दिशेचा दोष नव्हता, नक्षत्राचा नव्हता. फोन झाला नाही, हा दोष होता. तो मिठानं धुतला जात नाही. ३१,००० दिले की आपल्याला वाटणार काहीतरी केलं. तेच नको आहे मला. ते समाधान इतकं स्वस्तात मिळू नये.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती माझ्या वयाच्या वाचकांसाठी. माझी एक मैत्रीण, वय ७४, भाड्यानं घर शोधत होती. पेन्शन चांगली, भाडं आगाऊ द्यायला तयार. दोन मालकांनी नकार दिला. एकानं तर स्पष्टच विचारलं, "तब्येत कशी आहे? उद्या काही झालं तर आमची जागा अडकायची." जपानात असल्या घरांना 'जिको बुक्केन' असं नावच आहे आणि एकट्या म्हाताऱ्यांना जागा द्यायला तिथले मालक कचरतात. शेवटी २०२१ साली तिथल्या सरकारला सूचना काढाव्या लागल्या, की वार्धक्यानं किंवा आजारानं घरात आलेलं मरण सांगायची एरवी गरज नाही. खूप उशिरा कळून खास साफसफाई करावी लागली असेल, तर भाड्यानं देताना साधारण तीन वर्षं ते सांगावं. घरातलं मरण हा डाग ठरला की पुढची पायरी ठरलेली आहे. मरू शकणारा माणूसच घरात नको. आणि मरू शकत नाही असा भाडेकरू आणणार कुठून?

पुढे काय झालं ते सांगते. तज्ज्ञांना 'नको' म्हणून कळवलं. आम्ही दोघी-तिघींनी मिळून घर धुतलं, ओटा सोड्यानं घासला, भिंतींना रंग दिला, खिडक्या आठवडाभर उघड्या ठेवल्या. एजंट बदलला. आणि जो कोणी बघायला आला त्याला मीच सांगितलं, "इथे माझी बहीण राहायची. इथेच गेली. आम्हाला तीन दिवस कळलं नाही, ही आमची चूक. घर चांगलं आहे." तीन कुटुंबं हे ऐकून लगेच निघून गेली. त्यांचा मला राग नाही, त्यांना विचारून ठरवता आलं. चौथ्या वेळी एक जोडपं आलं, दोघंही नोकरी करणारं, बरोबर सासूबाई. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, ओट्यावरनं हात फिरवला आणि विचारलं, "सकाळी ऊन कुठपर्यंत येतं?" मी दाखवलं. किंमत चार लाखांनी कमी केली, ती रंगापायी नव्हे तर बाजार पडलाय म्हणून, आणि तसं स्पष्ट बोलून. गवती चहाची कुंडी त्यांनी ठेवून घेतली.

आता घरच्या मंडळींना उद्देशून. उद्या माझाही फ्लॅट विकावा लागेल. त्यात सळ्या फिरवू देऊ नका. झाडा, धुवा, रंग लावा, आणि विचारेल त्याला खरं सांगा. एवढं ३१,००० रुपयांचं काम मी फुकट सांगून ठेवते आहे.

आणि तोवर रात्री आठला कोणीतरी फोन करत जा. मी उचलला नाही तर झोपली असेल असं समजू नका. मी अकराच्या आधी झोपत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

असो. गॅसवर दूध ठेवलंय.